दोन गाड्यांमधली जागा

रस्त्यावर गाडी चालवताना आपण डोळ्यांत तेल घालून असतो. पार्किंगमध्ये ती उभी केली, किल्ली खिशात टाकली की काळजी मिटली असं वाटतं. पण बाजारहाट करून परत यावं, तर मागच्या दारावर बोटभर पोचा आणि त्यात शेजारच्या गाडीच्या रंगाची एक रेघ. ज्यानं हे केलं तो केव्हाच निघून गेलेला असतो. मन खट्टू होतं, आणि ते होणारच. कुणी पोटाला चिमटा घेऊन गाडी घेतलेली असते, कुणाचे हप्ते अजून चालू असतात.

मुळात जागाच अपुरी असते. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमांत मोठ्या गाडीसाठी २.५ मीटर रुंद आणि ५.५ मीटर लांब, तर लहान गाडीसाठी २.३ मीटर बाय ४.५ मीटर जागा धरलेली आहे. मारुती ८०० दीड मीटरही रुंद नव्हती. आजची क्रेटा १.७९ मीटर भरते. अशा दोन गाड्या लहान मापाच्या जागांत अगदी मधोमध लावल्या, तरी त्यांच्यामध्ये जेमतेम अर्धा मीटर उरतो. आरसे त्यातही बाहेर आलेले असतात. एवढ्या फटीतून आजीला उतरायचं असतं, शाळेचं दप्तर काढायचं असतं, भाजीच्या पिशव्या ओढायच्या असतात.

शेताच्या बांधासारखीच ही जागा. बांध दोघांचा असतो, आणि एकानं दरवर्षी नांगराचं एक तास पलीकडे सरकवलं की भाऊबंदकी उभी राहते. पार्किंगमध्येही एकानं चाक रेघेवर ठेवलं की दुसऱ्याला दार उघडायला वाव राहत नाही. दुसरा तिसऱ्याकडे सरकतो आणि पाहता पाहता सगळी रांगच वाकडी होते. म्हणून गाडीची पहिली राखण म्हणजे ती आपल्या रेघांच्या मधोमध, चाकं सरळ करून लावणं. त्यासाठी पुन्हा एकदा मागे-पुढे करावं लागलं तर करावं. त्यात कसला आलाय कमीपणा?

बाकीची सावधगिरी सोपी आहे. भिंतीलगतची कडेची जागा मिळाली तर घ्यावी, कारण तिथं एका बाजूला शेजारी नसतो. उताराचं वळण, लिफ्टचं दार आणि ट्रॉल्यांची वाट टाळावी. वाकडी उभी असलेली गाडी दिसली तर थोडं पुढे जाऊन दुसरी जागा शोधावी, दोन मिनिटं जास्त चालावं लागलं तरी. उतरल्यावर आरसे मिटावेत. गाडी रिव्हर्समध्ये आत घ्यावी, म्हणजे निघताना समोरचं स्पष्ट दिसतं. नारळाच्या झाडाखाली कधीच लावू नये, आणि पावसाळ्यात जुन्या, वाळक्या फांद्यांच्या झाडाखालीही नाही. दारांच्या कडांना रबरी पट्टी लावावी. तिनं आपल्या दाराचा रंग वाचतो आणि शेजाऱ्याचंही दार वाचतं.

रंगाचे सगळे थर मिळून मिलिमीटरच्या आठव्या-दहाव्या भागाइतकेच जाड असतात. चऱ्यावरून नख फिरवून पाहावं. नख अडलं नाही तर तो बहुधा वरच्या पारदर्शक थरातच असतो आणि पॉलिशनं जातो. नख अडलं तर जखम खोल आहे, आणि पत्रा उघडा पडला असेल तर गंज धरण्याआधी दुरुस्ती करावी. अशा छोट्या नुकसानीसाठी विम्याकडे जाणं पुष्कळदा परवडत नाही. दाव्यातली पहिली ठरावीक रक्कम आपल्यालाच भरावी लागते, शिवाय दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट हातची जाते. ही सूट पहिल्या वर्षी २० टक्के असते आणि वाढत ५० टक्क्यांपर्यंत पोचते. म्हणजे जो गुपचूप निघून गेला, त्याच्या घाईची किंमत गाडीचा मालक पदरमोड करून भरतो.

'वाहने मालकाच्या जबाबदारीवर उभी करावीत' ही पाटी तर सगळीकडेच दिसते. दिल्लीतल्या एका हॉटेलात १९९८ साली व्हॅलेच्या हाती दिलेली मारुती झेन चोरीला गेली, तेव्हा हॉटेलनं टोकनावर छापलेल्या अशाच ओळीकडे बोट दाखवलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ते मान्य केलं नाही. किल्ली घेतली म्हणजे गाडी सांभाळायला घेतली, आणि आपण पुरेशी काळजी घेतली होती हे हॉटेलनंच दाखवायला हवं, असा त्या निकालाचा अर्थ. दुसऱ्याची वस्तू हाती आली की तिची काळजीही आपल्याकडे येते, हा संस्कार आपल्या घरांतून फार जुना आहे.

कायद्याच्या पलीकडे मात्र एक जागा उरते, जिथं पाहायला कुणीच नसतं. दार लागलं, खट्ट आवाज झाला, आजूबाजूला माणूस नाही. त्या क्षणी आपण काय करतो, यावर आपला शेजारधर्म ठरतो. एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी एका बाबांना पाहिलं. लेकीला उतरवण्याआधी ते स्वतः उतरून मागे आले, दाराच्या कडेवर तळहात धरला आणि म्हणाले, "आता उघड, हळू." दार लागलंच असतं तर त्यांच्या हाताला लागलं असतं. त्या मुलीला वेगळा उपदेश करायची गरजच उरली नाही.

आपल्या गाडीची राखण निम्मी आपल्या हाती असते आणि निम्मी शेजारच्या गाडीतून उतरणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाती. त्याच्या गाडीचंही तसंच, तिची निम्मी राखण आपल्याकडे. म्हणून आजपासून दाराची कडी ओढण्याआधी बाजूला एक नजर टाकू या. आणि एवढं करूनही धक्का लागलाच, तर वायपरखाली चिठ्ठी ठेवू या: 'माझ्या दारामुळे लागलं, हा माझा नंबर, खर्च मी देतो.' त्यासाठी एक वही आणि पेन गाडीत कायम असू द्यावं.