पारायणात खंड पडला तर?

गेल्या श्रावणात एका गावी सप्ताहानिमित्त मुक्काम होता. सहाव्या दिवशी रात्री कीर्तन आटोपून बिऱ्हाडी येऊन टेकलो, तोच एक माळकरी गृहस्थ आले. चेहरा उतरलेला. ज्ञानेश्वरीच्या पारायणास बसले होते. आदल्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली, त्याला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात जावे लागले आणि त्या दिवसाचे वाचन राहिले. "घरची सून थोडा वेळ माझ्या जागी बसली होती, बुवा, पण पोर रडलं म्हणून उठली. पारायण मोडलं. दोष लागला का?"

हा प्रश्न मला नवा नाही. पाठशाळेत आम्हांस कर्माचे भेद शिकविले: नित्य, नैमित्तिक, काम्य. सात दिवसांचे पारायण आपण आपल्या इच्छेने, संकल्प करून आरंभितो. शेजाऱ्याचे दुखणे मात्र तिथी पाहून येत नाही; ते निमित्त दारात उभे राहिले की उठलेच पाहिजे. काशीची कावड रामेश्वरास नेताना नाथमहाराजांनी ती वाटेत तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा आपण दरवर्षी ऐकतो. नाथांची यात्रा मोडली असे कोणी म्हणत नाही. मग आपल्याच पोथीपाशी जीव का घुटमळतो?

पण एवढ्यावर गोष्ट संपत नाही. काही लोक याच कथेची ढाल करतात. वर्गणी गोळा करतील, पंगतीत वाढतील, मांडवाचे खांब रोवतील. ग्रंथ मात्र वर्षानुवर्षे फडताळात. विचारले की म्हणतात, "गावाच्या कामातनं सवड कुठं?" अशांना सवड कधीच होत नाही. ज्या नाथांनी कावड रिती केली, त्यांनीच पैठणास प्रपंच सांभाळून शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तेही बैठक मारून करायचे काम होते.

आता जे मला अधिक बोचते ते सांगतो. तेरच्या गोरोबाकाकांचे आख्यान मी चाळीस वर्षे लावतो आहे. भजनात देहभान हरपले आणि मूल चिखलात तुडवले गेले. तेथून मी लगबगीने पंढरीस जातो, कारण नामदेवरायांच्या कीर्तनात ते मूल परत येते आणि श्रोते टाळ्या पिटतात. एकदा कीर्तनानंतर एक वृद्ध माउली म्हणाली, "बुवा, ती बिचारी पाण्याला गेली होती. तिनं भजन कधी करायचं, ते नाही सांगितलंत." मला उत्तर सुचले नाही. कारण तरुणपणी मी स्वतः पोथीत बोट घालून बसत असे. आतून हाक आली की "वाचतोय" एवढेच म्हणे, आणि तसे म्हणताना पुण्य जोडल्यासारखे वाटे. घरात पोर कोण घेई, चूल कोण पाही, याचा हिशेब मी कधी मांडलाच नाही.

अखंड नामाच्या सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत. पण एकच माणूस ती सात दिवस गळ्यात घालून उभा राहतो का? पहारा संपला, कुणाची गाय व्याली, कुणाचे पोर तापले, की तो दुसऱ्याच्या गळ्यात वीणा घालतो, पाया पडतो आणि घरी जातो. अखंड राहते ती वीणा, माणसे बदलतात. ही युक्ती आपल्या पूर्वजांनी वीण्याला लावली. वाचनाला लावायला आपल्याला कोणी मना केले आहे?

मी त्या गृहस्थांना म्हटले, "दोष नाही. तुमच्या जागी सूनबाई बसल्या, तेव्हा पारायण चालूच होते. उद्या सकाळी अठरावा अध्याय आहे ना?"

"होय. अठराशेंवर ओव्या. मोठा अध्याय."

"तो सूनबाईंना पुरा वाचू द्या."

"आणि पोर?"

"ते तुम्ही घ्या."

ते काही बोलले नाहीत. नमस्कार करून गेले. सकाळी पाहतो तो व्यासपीठासमोर बायकांच्या रांगेत सूनबाई पोथी उघडून बसलेल्या, आणि आमचे गृहस्थ पोराला खांद्यावर टाकून मांडवाबाहेर येरझारा घालीत होते. पोर मोठ्याने रडत होते. दुसऱ्या एका वाचकाने कपाळाला आठी घालून त्यांच्याकडे पाहिले, तसे ते जरा लांब, पाराकडे गेले.