नव्याण्णव टक्के कशाचे?

वहिनीचा एनआयपीटीचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला तेव्हा तिला बारावा आठवडा होता आणि वय पंचवीस. 'डाउन सिंड्रोम : हाय रिस्क.' चाचणी ९९ टक्के खात्रीची, असं आम्ही ऐकलं होतं. म्हणजे बाळाला डाउन असण्याची शक्यता ९९ टक्के, असंच घरात सगळ्यांनी धरलं. मी तर म्हणालो, "दादा, आता उशीर करू नका."

माझं गणित चुकलं होतं. समजा, याच वयाच्या १०,००० गर्भवती आहेत. त्यांतल्या साधारण दहाजणींच्या बाळाला डाउन असेल. चाचणी ते जवळपास सगळे पकडते. ते ९९ टक्के इथले. पण उरलेल्या ९,९९० जणींत हजारी एक रिपोर्ट चुकला, तरी आणखी दहाजणी 'हाय रिस्क' ठरतात. वीसपैकी दहा खरे. जवळपास नाणेफेकच.

चूक होते कारण आईच्या रक्तात सापडणारा 'बाळाचा' डीएनए मुख्यतः वारेतून आलेला असतो. वारेतला दोष कधी कधी बाळात नसतोच. म्हणून ही चाचणी फक्त चाळणी आहे, निदान नाही. डॉक्टरांनी गर्भजल तपासायला सांगितलं. ते पंधरा आठवड्यांनंतरच करतात आणि त्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो.

एनआयपीटीत मात्र फक्त आईच्या हातातून रक्त घेतात. बाळाला धोका नाही. "सेफ आहे ना, मग करून टाकू," एवढंच आमचं बोलणं झालं होतं. सुईची भीती नव्हती, म्हणून खरा प्रश्न कुणी विचारलाच नाही: रिपोर्ट वाईट आला तर आपण काय करणार?

चाचणी म्हणजे नुसती माहिती नसते, हे खरं तर महाराष्ट्राला माहीत असायला हवं. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा इथेच १९८८ मध्ये झाला.

गर्भजलाचा रिपोर्ट येईपर्यंत पाच आठवडे गेले. तेवढे दिवस वहिनी पोटाशी बोलायची थांबली होती. रिपोर्ट नॉर्मल आला. मी पेढे घेऊन गेलो. तिने पेढा हातात घेतला आणि म्हणाली, "भावजी, बाळ तसं असतं तर तुम्ही सगळे काय म्हणाला असता, ते मला कळलं."

चाचणी करू नका, असं मी कुणाला सांगणार नाही. पण तो प्रश्न रक्त देण्याआधी विचारा. आम्ही विचारला नाही, आणि उत्तर मात्र तिला देऊन बसलो.