मागून घेतलेला मान

आमच्या जावळीकडच्या गावांत एक समज पक्का आहे. मान मागायचा नसतो. लग्नात टोपी-टॉवेल आधी कुणाला द्यायचा यावरून भावकी दहा दहा वर्षं एकमेकांशी बोलत नाही, पण ज्याचा मान चुकला तो माणूस स्वतःच्या तोंडानं 'मला द्या' असं कधी म्हणायचा नाही. न जेवता उठेल, चार गावांत बोलेल, पण मागणार नाही. मागितला की त्याची भीक झाली.

समज चांगलाच आहे. त्यानं पुष्कळ माणसं ताठ राहिली. पण सगळ्याच गोष्टी मानाच्या खात्यात टाकायच्या का, हा प्रश्न मला पडला तो आबांच्या डिस्चार्ज बुकामुळं.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. पंधरा वर्षं फौजेत काढून, पेन्शन घेऊन घरी आले. जमीन ती किती, भाताची दोन खाचरं आणि डोंगरउताराची नाचणी. गावातली निम्मी माणसं मुंबईत होती, तसे तेही गेले आणि कॉटन ग्रीनला एका कापसाच्या गोदामावर वॉचमन म्हणून लागले. राहायला घोडपदेवला गावकऱ्यांची खोली. पंचवीस ट्रंका, पंचवीस वळकट्या, आणि पाळीपाळीनं झोपणारी माणसं. आबांची ट्रंक तेवढी हिरवी, तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचा फौजेतला नंबर. त्या ट्रंकेत, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेलं ते पुस्तक होतं.

डिस्चार्ज बुकात माणूस कधी भरती झाला, कधी सुटला, उंची किती, अंगावर खूण कोणती, वागणूक कशी, हे सगळं लिहिलेलं असतं. त्यातच पदकांची जागा असते. आबांच्या पुस्तकात रक्षा मेडल 1965 होतं, सैन्य सेवा मेडल होतं, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं होतं. समर सेवा स्टार 1965 नव्हता.

फौजेशी संबंध नसलेल्या वाचकासाठी हे जरा सोडवून सांगितलं पाहिजे. पदकं दोन जातीची. एक पराक्रमाची: परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र. ती कुणीतरी पाहतो, शिफारस करतो, वरचे लोक ठरवतात. दुसरी पदकं हजर असल्याची. रक्षा मेडल 1965 हे त्या काळात फौजेच्या नोकरीत असल्याबद्दल, मग तुम्ही पंजाबात असा की पुण्यात. समर सेवा स्टार मात्र लढाईच्या ठरवून दिलेल्या भागात प्रत्यक्ष असलेल्यांना. म्हणजे आबांचा कागद म्हणत होता की हा माणूस 1965 साली फौजेत होता. लढाईत होता असं म्हणत नव्हता.

आणि आबा तर सियालकोटच्या बाजूला होते. हे आम्हाला लहानपणापासून माहीत, कारण उसाचा फड दिसला की ते गप्प व्हायचे. तिकडं उसातनंच रणगाडे यायचे म्हणे. युद्धबंदी झाली 23 सप्टेंबरला. त्याच्या चार दिवस आधी आबांना मागं नेलं होतं, इस्पितळात. गोळी लागून नव्हे, काविळीनं. पलटणीनं पुढं हक्कदारांची यादी केली तेव्हा हे इस्पितळाच्या हजेरीवर. तिथून सुटल्यावर महिनाभर दुसरीकडंच राहिले. पलटणीतल्या बारीकसारीक घडामोडी, म्हणजे कोण आला, कोण गेला, कोण आजारी पडला, पार्ट टू ऑर्डर नावाच्या कागदावर चढतात आणि तिथून रेकॉर्ड ऑफिसातल्या शीट रोलवर उतरतात. या उतरण्यात कुठंतरी एक ओळ गळली. कुणाचा दुष्टावा नाही. एखादा क्लार्क, एक लांबलचक यादी, दिवेलागणीची वेळ.

मी तेव्हा मुंबईत कॉलेजात होतो. म्हटलं, "आबा, अर्ज करू या की. मी लिहितो."

"कशाला?"

"तुमचं आहे म्हणून."

"आरं, मागून घेतल्याला मान कसला? कावीळ झाल्याली आन् मेडल द्या म्हणायचं? ऱ्हाऊ दे."

यात दोन गोष्टी होत्या. मागायची लाज ही एक, आणि काविळीची लाज ही दुसरी. दुसरीवर ते कधी बोलले नाहीत, मीही बोललो नाही. गोळीचा व्रण दाखवता येतो, काविळीचा काय दाखवणार!

काकू मात्र भांडल्या. गावात एकजण होता, फौजेत पाच वर्षंही न काढलेला. तो पंधरा ऑगस्टला छातीवर तीन तीन पदकं लावून शाळेत झेंड्याला यायचा. मुंबईत चोरबाजारात जुनी पदकं मिळतात, वर्दीच्या दुकानात फितीही मिळतात. ती विकत घ्यायला कुणी कागद मागत नाही. काकूंचं म्हणणं साधं होतं, "त्यो लावतुया, आन् तुमी?" आबा त्या दिवशी शाळेत जाईनासेच झाले.

मला वाटतं, या नकली पदकवाल्यानं प्रश्न सोपा केला. धातू बाजारात मिळतो. नोंद मिळत नाही. म्हणून पदकाची सगळी किंमत त्या पुस्तकातल्या ओळीत असते, आणि ओळ नसेल तर खऱ्याचं पदकही चोरबाजारातल्यासारखंच. आबांनी उद्या कुठून तरी समर सेवा स्टार आणून लावला असता तर ते आणि तो माणूस कागदावर एकाच रांगेत बसले असते.

तरी आबांचं 'मागून मान कसला' हे उरतंच. त्याला उत्तर मिळालं ते गोदामात, आणि तेही आबांच्याच तोंडून. कॉटन ग्रीनचं तेव्हाचं जग ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं की हे नाव मुळात या जागेचं नव्हे. कापसाचा बाजार आधी कोटात भरायचा, तिथल्या मोकळ्या मैदानाला ग्रीन म्हणत. तो पुढं कुलाब्याला गेला आणि शेवटी शिवडीच्या बाजूला, पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर आला. कॉटन एक्स्चेंजची मोठी इमारत उठली, रेल्वेचं स्टेशन झालं. आता गाठीही फारशा नाहीत आणि हिरवळ तर कधी नव्हतीच, पण हार्बर लाइनवर नाव रोज पुकारलं जातं. असो. त्या गोदामांतून पाठीवर ओझी वाहणारे निम्मे आमच्याच सातारा-जुन्नरकडचे. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा झाला तोवर या माणसांची कुठंच नोंद नव्हती. आज काम केलं, आज पैसे, उद्या तू कोण आणि मी कोण. कायद्यानं काय दिलं? नोंदणी झाली, मजुरी बोर्डातून मिळू लागली, फंड आला, रजा आली. पण हे सगळं एका गोष्टीवर उभं, हजेरी मांडली पाहिजे.

एका संध्याकाळी टोळीतला एक पोरगा आबांकडं रडत आला. मुकादमानं त्याचे दोन दिवस खाडे धरले होते आणि तो तर कामावर होता. मुकादम गाववाला, वयानं मोठा, त्याला कसं विचारायचं? आबा त्याच्यावर खेकसले, "आरं, त्यात लाजायचं काय? भीक मागतुयास का? हजेरी मागतुयास!"

मी तिथंच होतो. म्हटलं, "आबा, समर सेवा स्टार म्हणजे काय वेगळं आहे?"

ते काही बोलले नाहीत. पण पुढच्या आठवड्यात त्यांनी ट्रंकेतनं पुस्तक काढून माझ्यापुढं ठेवलं.

हजेरी आणि मान यातला हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. मान दुसऱ्यानं द्यायचा असतो, कारण तो दुसऱ्याचं मत असतो. हजेरी हे कुणाचं मत नाही. तुम्ही तिथं होता किंवा नव्हता. होता आणि कागद नव्हता म्हणत असेल तर कागद खोटं बोलतोय, आणि खोटं खोडायला सांगणं ही याचना नव्हे.

अडचण येते ती दोन्ही मिसळतात तिथं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर फौजेत ईएमईमध्ये होते, मुष्टियोद्धे. 1965 मध्ये त्याच सियालकोट आघाडीवर गोळ्या लागून ते कमरेखाली अधू झाले. पुढं पोहायला लागले आणि 1972 मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकला 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक घेतलं. वैयक्तिक सुवर्ण मिळवणारे ते पहिले भारतीय पॅरालिम्पिकपटू. पदक त्यांच्या घरात होतं, देशाच्या बोलण्यात नव्हतं. 1982 मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो मंजूर झाला नाही. पद्मश्री आली 2018 मध्ये, त्यांच्यावर सिनेमा निघाला 2024 मध्ये, आणि अर्जुन पुरस्कार जानेवारी 2025 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. अर्जुन हा मानच, हजेरी नव्हे. मग त्यांनी मागायला नको होतं का? मला तसं म्हणवत नाही. जिथं माणसानं काय केलं याची नोंदच लोकांपुढं राहिली नाही, तिथं मान न देणाऱ्याला 'आम्ही विचार करून दिला नाही' असंही म्हणता येत नाही. आधी नोंद, मग मताचा प्रश्न. नोंद जागेवर नसताना गप्प बसण्याला स्वाभिमान म्हणायचं हे सोयीचं आहे, पण सोय कुणाची होते ते बघावं.

घोडपदेव-लालबागच्या जुन्या माणसांना याहून अवघड एक गोष्ट आठवायची. 18 फेब्रुवारी 1946 ला कुलाब्याच्या 'तलवार' नाविक तळावर खलाशांनी संप केला. तो पसरत कितीतरी जहाजांवर गेला. 22 तारखेला गिरण्या बंद पडल्या, परळ-लालबागचे कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला. शहरात दोनशेवर माणसं गेली, त्यात परळच्या कमल दोंदे. खलाशांनी 23 ला संप मागं घेतला. पुढं शेकडोंना नोकरीतून काढलं आणि स्वातंत्र्य आल्यावरही त्यांना नौदलात परत घेतलं नाही. त्यांचा सेवेचा कागद काढून टाकल्याचाच राहिला. काही वर्षांनी स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शन योजनेत हे बंड धरलं गेलं, आणि 2001 मध्ये कुलाब्याला स्मारक झालं.

इथं कागद खोटं बोलत नव्हता. काढलं होतं, हे खरंच होतं. मग दुरुस्त काय करायचं? काही लोक म्हणतील, ती बडतर्फीची ओळच खोडा. मला ते पटत नाही. ती ओळ खोडली तर त्यांनी काय किंमत मोजली हेही खोडलं जाईल. शेजारी दुसरी ओळ लिहावी: कशासाठी काढलं. फौजेच्या कागदातली दुरुस्तीही अशीच होते म्हणा, जुनं खरवडून काढत नाहीत. नवी नोंद घालतात, सही-शिक्का करतात, तारीख टाकतात. उशीर किती झाला हे त्या तारखेवरून कुणालाही कळतं. मला ही पद्धत प्रामाणिक वाटते.

आबांचा अर्ज साडेतीन वर्षं फिरला. नंबर बरोबर होता, नावात एक काना कमी होता. त्याचं प्रतिज्ञापत्र. मग इस्पितळात दाखल झाल्याचा पुरावा. ज्याच्या नोंदी हरवल्या त्यानंच त्या हजर करायच्या, हा या सगळ्यातला खरा अन्याय, पण त्यावर चिडून अर्ज पुढं सरकत नाही. शेवटी काविळीनंच काम केलं. मागं नेल्याची पार्ट टू ऑर्डर सापडली, आणि तिच्यात कुठून मागं नेलं ते लिहिलेलं होतं. ज्या आजाराची आबांना लाज वाटायची, तोच त्यांचा साक्षीदार निघाला.

पत्र आलं इंग्रजीत. मी वाचून दाखवलं: नोंद घेतली आहे, पुस्तक पाठवा, पदक उपलब्ध झाल्यावर मिळेल. पुस्तक गेलं आणि शिक्का मारून परत आलं. आबांनी चष्मा लावून ती ओळ पाहिली. इंग्रजी वाचता येत नव्हतं, 1965 एवढा आकडा ओळखू आला. त्यावर बोट ठेवून बराच वेळ बसले. काकूंनी विचारलं, मेडल कुठं आहे? ते म्हणाले, "यील तवा यील."

मग मला म्हणाले, "बाळ, आनखी एक कागूद लिव्हायचा हाय." त्यांच्याबरोबर त्याच गाडीतून मागं आणलेला एकजण होता, महाबळेश्वरच्या अंगाचा. तो वारून बरीच वर्षं झाली होती, बायको होती. तिच्याकडं पुस्तक आहे का बघून यायला आबा पुढच्या रविवारच्या एसटीनं निघाले.