तण कुणाचं?

कृषी महाविद्यालयातली एक पोरगी कागद घेऊन ओसरीवर बसली होती. काल सकाळपासून ताटात काय काय आलं, ते घरात विचारत होती. वजन नको, नुसत्या जाती मोजायच्या. चिमूटभर मसाला सोडून आठ भरल्या: गहू, तांदूळ, तूर, बटाटा, कांदा, साखरेचा ऊस, तेलाचं सोयाबीन आणि म्हशीचं दूध. "आठ म्हणजे बरंच की," आमची मंडळी म्हणाली.

मग पोरीनं विचारलं, ह्यातलं तुमच्या रानातलं किती? एक तूर. सोयाबीन चिक्कार निघतं, पण ते आडतीवर जातं आणि तेल होऊन पिशवीतून घरी येतं. पालेभाजीच्या रकान्यात तिनं शून्य मांडलं.

ते शून्य मला झोपू देईना. सातबाऱ्यावर मिश्र पिकाचा रकाना असायचा. वडिलांच्या काळी ज्वारीत तूर, मूग, चवळी, अंबाडी, तीळ असायचं. शिवाय कुठल्याच रकान्यात न बसणारं निराळंच: तांदुळजा, कुंजीर, घोळ, केना, तरोटा. खुरपणीच्या बाया सांजच्याला ओटीभर भाजी घेऊन घरी जायच्या. भाकरीनं पोट भरतं, पण लोह, कॅल्शियम, डोळ्यांना लागणारं जीवनसत्त्व ह्या पाल्यातून मिळतं. आता जुनं सगळं सोन्याचं होतं असंही नाही. १९७२ ला मी शाळकरी होतो; तेव्हा तरोटा खाल्ला तो आवडीनं नाही, भाकरी नव्हती म्हणून.

तणनाशक मीच आणलं. खुरपायला बाया मिळेनात, मिळाल्या तर मजुरी परवडेना. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण जन्मभर आमच्यात खुरपलेली एक म्हातारी एका पावसाळ्यात बांधावर उभी राहून म्हणाली, "दादा, औंदा रानात पालाच न्हाई." तिला गुंठाभर जमीन नाही. तिची मजुरी बुडाली हे मला हिशेबात दिसलं होतं, भाजी दिसली नव्हती. रान माझं, मशागत माझी. पण न पेरता उगवलेलं, तेही माझंच का? तिनं कधी विचारून नेलं नाही, मी कधी हातानं दिलं नाही. जे दिलंच नाही ते हिरावलं कसं? पण हिरावलं खरं.

गेल्या खरिपात बांधाकडचे चार तास फवारले नाहीत. शेजारी हसला. तांदुळजा चांगला माजला, तसा म्हातारीला निरोप धाडला. ती आली, वाकली, अन् हात आखडून म्हणाली, "ह्यावर औषध तर न्हाई ना उडालं?"

नाही म्हणायला तोंड उघडलं, पण फवारणीच्या दिवशी वारं कुठल्या अंगानं होतं, ते काही आठवेना.