चल अधिष्ठान

आधार म्हणजे काय, आणि जे दुसऱ्याला आधार देते त्याचे स्वतःचे स्वरूप कसे असावे, या प्रश्नाचा आपल्या दर्शनकारांनी जितका चिकाटीने पाठलाग केला तितका फार थोड्या प्रश्नांचा केला असेल. आणि मतामतांचा एवढा गलबला असूनही त्यांतल्या प्रतिष्ठित पक्षाने एक गोष्ट जवळजवळ वादाविनाच गृहीत धरली, ती ही की आधार अचल असला पाहिजे. शांकर वेदान्तातल्या दोरीवर साप भासतो आणि मावळतो, परंतु दोरीला त्या भासाचा विटाळ होत नाही, म्हणून ती त्याचे अधिष्ठान. जगाचेही तसेच, जे बदलते ते आश्रित आणि जे बदलत नाही ते आश्रय. आपल्या संगीतानेही हीच व्यवस्था मान्य केलेली दिसते. तंबोरा षड्ज-पंचमाचा आपला मुक्काम सोडीत नाही, गायकाने रागाच्या कोणत्याही कोपऱ्यात संचार करावा, आणि परत आल्यावर घर जागच्या जागी असल्याची त्याला खात्री असावी. या गृहीताविषयी माझ्या मनात जो संशय उत्पन्न झाला तो ग्रंथांच्या वाचनाने नव्हे, तर भिलाईच्या कॅम्प-१ या वस्तीतल्या हौशी वाद्यवृंदांत जे बेस गिटार वाजवले जाते ते ऐकून. आणि शास्त्रीमंडळींना हा पुरावा ग्राह्य वाटणार नाही हे ठाऊक असूनही मी तो येथे दाखल करीत आहे.

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या मधल्या चार वर्षांत ज्यांनी पाया खणला, काँक्रीट ओतले, लोखंडी सांगाडे उभे केले, ते हजारो मजूर कोठे राहत होते, याचे उत्तर पॉवर हाऊस स्थानकाच्या परिसरातल्या या छावण्यांच्या नावांतच शिल्लक आहे. कारखान्याच्या नोकरवर्गासाठी आखीव सेक्टरांचे नगर वसले, त्याला बागा, शाळा, रुग्णालय मिळाले. छावण्यांची तजवीज मात्र तात्पुरती होती, काम संपले की माणसांची रवानगी होईल अशा हिशेबाची. ती झाली नाही. आंध्रातला, ओरिसातला, भोजपुरी मुलखातला, पंजाबातला, आणि नागपूर, भंडारा, गोंदिया या बाजूने त्याच रुळावरून आलेला आमचा वैदर्भीय माणूस, हे सगळे मुकादमाच्या हजेरीवहीतून निघून शिधापत्रिकेत आणि तेथून मतदारयादीत गेले. आज तेथल्या गणपतीच्या किंवा दुर्गेच्या मांडवात वाद्यवृंद उभा राहिला की हिंदी चित्रपटगीत, छत्तीसगढी गीत आणि पुढच्या रांगेतून फर्माईश आलीच तर तेलुगू गीत, अशी एका रात्रीची यात्रा असते. गायक बदलतात, भाषा बदलते, आणि बेसवाला तोच राहतो.

हे वाद्य पुष्कळांनी पाहिलेले असते पण वेगळे ऐकलेले नसते. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर या कारागिराने ते बाजारात आणले, तेव्हा माणसाएवढा उंच लाकडी डबल बेस वाहून नेण्याच्या जाचातून वादकांची सुटका करणे हा त्याचा एक हेतू होता. चार जाड तारा, ई, ए, डी, जी अशा, साध्या गिटारीच्या खालच्या चार तारांहून एक सप्तक खाली लावलेल्या. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, म्हणजे मनुष्याच्या कानाला जेथून स्वर ऐकू येऊ लागतो त्या उंबरठ्याच्या थोडी आतली. आमच्याकडे हे वाद्य मुख्यतः मुंबईच्या चित्रपटसंगीताने रुजवले. राहुलदेव बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणांतून टोनी वाझ आणि चरणजित सिंग यांनी ते वाजवले, आणि ती गाणी गुणगुणणाऱ्या लाखोंना ही दोन नावे ठाऊक नाहीत. हौशी वृंदात तर याहून हलाखी. बयाणा थोडा आला की पहिली काटछाट बेसवाल्याची होते, कारण कीबोर्डवाल्याचा डावा हात ते काम बरेवाईट उरकून देतो, अशी व्यवस्थापकाची धारणा असते. दिवसा लेथवर उभे राहून रात्री वाजवणाऱ्या त्या तरुणाने ही काटछाट मुकाट्याने सोसावी असेही सर्वांचे गृहीत असते.

अशा एका तरुणाने, मी त्याच्या वाद्याविषयी विचारले तेव्हा, मोठ्या अभिमानाने मला सांगितले, "काका, मी वाजवतोय हे कुणाला कळत नाही, मी थांबलो की कळतं." हे वाक्य जगातला प्रत्येक बेसवादक बोलतो, आणि बोलताना ते आपल्यालाच प्रथम सुचले असे त्याला वाटते. नैयायिकांच्या भाषेत हा व्यतिरेक झाला: ते नसता हे नसते, म्हणून ते याचे कारण. परंतु एवढ्याने आधार सिद्ध होत नाही. मांडवातली वीज गेली तरी सगळे मान वळवून पाहतात. वीज गाण्याचे कारण असेल, गाण्याचा आश्रय नव्हे. अभावाने लक्षात येणे हा मोठेपणाचा दाखला मानला तर दुखऱ्या दातालाही तो द्यावा लागेल.

दुसरे समर्थन अधिक सात्त्विक, आणि म्हणूनच अधिक तपासण्यासारखे आहे. बेसवादक हा निष्काम कर्मयोगी, त्याला टाळ्यांची अपेक्षा नाही, फळाकडे दृष्टी न ठेवता तो आपले विहित कर्म करतो, असे त्याचे गौरवपूर्ण वर्णन पुष्कळदा ऐकू येते. छत्तीसगढात कर्मयोगाची ही भाषा परकी नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेले 'गीतारहस्य' हिंदीत नेले ते याच भूमीत १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढणाऱ्या माधवराव सप्रे या मराठी गृहस्थाने. पण टिळकांनी फलाशा सोडावयास सांगितले ते कर्त्याने स्वतःला; दुसऱ्याच्या श्रमाचे मोल न देण्याची सनद म्हणून नव्हे. वर उभ्या असलेल्याने खाली असलेल्याच्या निरपेक्षतेची स्तुती करणे यासारखा सोयीचा धर्म नाही. याच पॉवर हाऊस स्थानकात १ जुलै १९९२ रोजी रुळांवर बसलेल्या कंत्राटी कामगारांवर पोलिसांचा गोळीबार झाला आणि अनेकांचे प्राण गेले. त्याच्या आदल्या वर्षी २८ सप्टेंबरला त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची भिलाईतच हत्या झाली होती. ती माणसे आपण पाया आहोत हे ऐकवून घेण्यासाठी बसली नव्हती; नोकरीत कायम करा आणि पोटापुरते वेतन द्या एवढेच मागत होती. बेसवाल्याचा प्रश्न त्या प्रश्नापुढे फार लहान आहे, हे मान्य. परंतु दोन्ही ठिकाणी आधाराला मौनाचे व्रत लावणारी बुद्धी एकाच टाकसाळीतली आहे.

मग त्या वाद्याचे खरे कार्य कोणते? कीबोर्डवाल्याच्या बोटांखाली सी, ई आणि जी हे तीन स्वर दाबलेले आहेत अशी कल्पना करावी. बेसवाला खाली सी वाजवीत आहे तोवर त्या स्वरसंघाचे नाव सी मेजर, आणि त्याची वृत्ती प्रसन्न, उघड्या उन्हासारखी. आता कीबोर्डवाल्याने एक बोटही हलवले नाही आणि बेसवाला सी वरून ए वर उतरला, तर तेच तीन स्वर ए मायनर सेव्हन होतात, आणि त्यांच्यावर सांजवेळेची छाया पडते. वरच्याने काही केले नाही, तरी तो आता निराळे वाजवीत आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे गणताना अधिष्ठान वेगळे आणि कर्ता वेगळा मोजला आहे. येथे ती दोन खाती एकाच इसमाकडे आलेली दिसतात. हा आधार आहे आणि तोच निर्णयही करीत आहे. हलून, आणि केवळ हलूनच, तो इतरांना त्यांचा अर्थ देतो. तंबोऱ्याप्रमाणे तो एका स्वरावर ठाम बसला, तर त्या संगीतात आधार देण्याचे त्याचे काम तेथेच थांबेल.

यावर एक चमत्कारिक अनुभव जोडून पाहण्यासारखा आहे. भ्रमणध्वनीच्या चिमुकल्या कर्ण्यातून ४१ कंपनांचा स्वर बाहेर पडूच शकत नाही. पडतात ते त्याचे वरचे सहचारी, ८२, १२३, १६४ असे. असे असूनही ऐकणाऱ्याला तो मूळ खालचा स्वरच ऐकू येतो. वरच्या स्वरांची परस्परांतली अंतरे पाहून, ही अंतरे ज्या मूळ स्वरापासून निघावीत तो स्वर आपली श्रवणशक्ती स्वतः पुरवते; हवेत नसलेला स्वर ऐकला जातो. इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान ही आत्म्याची चिन्हे असे गौतमाच्या न्यायसूत्रांत म्हटले आहे. गुण दिसतात, आणि गुण निराश्रय राहू शकत नाहीत म्हणून गुणीचे अनुमान करावयाचे. बौद्ध त्यावर हसून म्हणणार, तुमच्या कानाने नसलेला स्वर निर्माण केला तसाच तुमच्या बुद्धीने आत्मा निर्माण केला आहे. आहे तो केवळ क्षणांचा प्रवाह. भ्रमणध्वनीपुरते बौद्धाचे म्हणणे अगदी खरे आहे. पण मांडवात, ध्वनिक्षेपकाच्या पेटाऱ्यासमोर उभे राहिल्यावर, तो स्वर कानापेक्षाही छातीच्या फासळ्यांना प्रथम समजतो, आणि तेथे अनुमानाची गरज उरत नाही. एकाच स्वराच्या बाबतीत एके ठिकाणी बौद्ध जिंकतो आणि दुसऱ्या ठिकाणी नैयायिक, याचा अर्थ वाद्याने निकाल दिला नाही असा घ्यावा. निकालाची वाट पाहत बसण्यासारखेही त्यात काही नाही.

मला अधिक जवळचे वाटते ते तिसरे मत. आपल्या गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवीत नाहीत. पहारा बदलतो, एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, रात्री तिसऱ्या प्रहरी डोळ्यांवर झापड आलेला म्हाताराही ती छेडीत उभा असतो. झोतभट्टीचेही असेच चालते. ती एकदा पेटली की वर्षानुवर्षे थंड होऊ देत नाहीत, आणि तिच्यापाशी तीन पाळ्यांची माणसे आलटूनपालटून येत राहतात. या दोन्हींत धरणारे बदलतात आणि धरलेले टिकते. बेसच्या बाबतीत धरणारा एकच आहे आणि धरलेला स्वर बदलतो; टिकते ती त्या बदलाची शिस्त, सम चुकू न देणारी चाल. जैन दर्शनाने नेमके हेच पाहिले. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सत् म्हणजे उत्पत्ती, नाश आणि ध्रौव्य या तिहींनी युक्त असलेले, अशी व्याख्या आहे. यांतले एक काढून घेतले तर उरलेली दोन उभी राहत नाहीत. दुर्गच्या पलीकडे नगपुऱ्याला पार्श्वनाथाच्या तीर्थात जाणाऱ्या भाविकांना हे सूत्र पाठ असेलच असे नाही, परंतु त्या दर्शनाला या मुलखात घर आहे. मीमांसक कुमारिल भट्टही कर्मकांडाचा कट्टर पुरस्कर्ता असून याच बाजूला येतो, हे मला नेहमी सुखद आश्चर्याचे वाटत आले आहे: आत्मा नित्य आहे आणि त्याला अवस्थान्तरेही होतात, वेटोळे घातलेला साप सरळ झाल्याने दुसरा साप होत नाही. वेदान्त्यांचा साप भ्रमाचा आणि कुमारिलांचा साप खरा. मतभेदाचे सारे मर्म या दोन सापांत आले.

वेदान्ती अर्थात एवढ्याने हार मानणार नाही. तो विचारील की, सी वरून ए वर स्वर उतरला हे तुम्हाला कळले कसे? दोन्ही स्वरांच्या वेळी जो एकच होता, न हलता, त्या साक्षीने ते पाहिले. तेव्हा तुमचा हलता आधारही शेवटी अचल द्रष्ट्याच्याच आधाराने उभा आहे, आणि तो तंबोरा मंचावर नसला तरी श्रोत्याच्या अंतःकरणात वाजत आहे. हा आक्षेप बळकट आहे, आणि ऐकणाऱ्याने आधीचा स्वर धरून ठेवल्याविना नंतरचा स्वर 'उतरलेला' वाटणारच नाही, एवढा त्याचा अंश मला मान्य करावाच लागतो. पण धरून ठेवणे म्हणजे निश्चल राहणे नव्हे. कॅम्प-१ च्या त्या मांडवात मी श्रोत्यांकडे पाहिले आहे: पान चघळणारा निवृत्त फोरमन, कडेवर मूल घेतलेली तेलुगू बाई, खुर्च्यांच्या मागे उभी असलेली कामावरून परस्पर आलेली पोरे. बेस खाली उतरला की त्यांची पावले त्याच मात्रेवर पडत होती, काहींची कळून, बहुतेकांची नकळत. आणि ते उतरणे त्यांना समजले ते त्या पावलांनीच, स्वस्थ बसलेल्या कोणा आतल्या प्रेक्षकाने नव्हे. ज्या साक्षीचे पाऊल ठेका धरते त्याला कूटस्थ, म्हणजे कधीही न बदलणारा, म्हणावयाचे असेल तर वेदान्त्याला कूटस्थाची व्याख्या दुरुस्त करावी लागेल, आणि तशी दुरुस्ती करण्यास तो तयार असेल तर कुमारिलांचे आणि त्याचे भांडण बरेचसे मिटेल असे मला वाटते.