३९ मिनिटांचा हट्ट

मोबाइलवरची वेळ बरोबर की चूक, असा प्रश्न आता कुणाला पडत नाही. ती कुठून येते आणि कुणी ठरवली, हेही कुणी विचारत नाही. मुंबईने मात्र याच प्रश्नावरून सरकारशी दोन-तीन पिढ्या भांडण केलं.

पूर्वी गावोगावची वेळ आपापल्या सूर्याची असे. एका रेखांशामागे चार मिनिटांचा फरक पडतो; बैलगाडीने जाणाऱ्याला तो जाणवतही नसे. रेल्वे आणि तारायंत्र आल्यावर तो अडचणीचा झाला. वेळापत्रकासाठी सगळीकडे एकच वेळ हवी, म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ धरली. ती मुंबईच्या अर्धा तास पुढे. स्टेशनात एक वेळ, बाहेर बाजारात दुसरी! लोकांनी तेही निभावून नेलं, आणि माझ्या मते त्यात फारसं काही बिघडत नव्हतं.

बिनसलं ते सक्तीने. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईच्या सरकारी कामकाजालाही मद्रासची वेळ लावली. विद्यापीठाने राजाबाई टॉवरचं घड्याळ स्थानिक वेळेवरच ठेवायचं ठरवलं, तर सरकारने त्या घड्याळाच्या दिवाबत्तीचा खर्च नाकारला. सरकारं रुसतात ती अशी. १८८३ मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला.

मग १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, मुंबईच्या ३९ मिनिटं पुढे. वंगभंगामुळे वातावरण आधीच तापलेलं. गिरणी कामगारांची शंका तर अगदी रोकडी होती: भोंगा लवकर वाजणार, सुटी मात्र तेवढ्याच लवकर होईल याची हमी कोण देणार? एका गिरणीत त्याच महिन्यात संप झाला. महापालिकेत फिरोजशहा मेहता नव्या वेळेविरुद्ध उभे राहिले. सरकारी कचेऱ्या बदलल्या, पण शहरात मुंबई वेळ १९५५ पर्यंत चालू राहिली. परक्या सरकारविरुद्धचा हट्ट स्वराज्यातही आठ वर्षं टिकला, बहुधा निव्वळ सवयीने.

एक वेळ सोयीची असते, यात वाद नाही. बँका, वीज, दूरसंचार यांच्या यंत्रणांना सेकंदाच्या अंशापर्यंत मेळ लागतो. कायदेशीर, व्यापारी आणि प्रशासकीय व्यवहारांत प्रमाणवेळच वापरावी, अशा नियमांचा मसुदा केंद्राने जानेवारी २०२५ मध्ये काढला, तो समजण्यासारखा आहे.

पण आसामच्या चहामळ्यांत आजही ‘बागान टाइम’ चालतो, प्रमाणवेळेच्या तासभर पुढे, कारण तिथे उजाडतंच लवकर. ईशान्येला वेगळी वेळ द्या, ही मागणी अधूनमधून पुढे येते आणि गोंधळ होईल म्हणून बाजूला पडते. गोंधळाची भीती खोटी नाही. तरी यंत्रांना एक वेळ लागते म्हणून दिब्रुगड आणि द्वारकेची कचेरी एकाच ठोक्याला उघडली पाहिजे, असं कुठे आहे? दिब्रुगडच्या शाळा-कचेऱ्या कधी भरायच्या, ते दिब्रुगडला ठरवू द्या. त्यासाठी घड्याळाला हातही लावावा लागत नाही.