बँकेने किती सांगितला?

‘महिन्याला किती हप्ता झेपेल?’ अमेरिकेत गाडी घ्यायला गेलात की हा प्रश्न हमखास येतो. उत्तर देऊ नका, आधी पूर्ण किंमत ठरवा. मुदत 84 महिन्यांवर नेली की महागडी गाडीही झेपते!

मला अडतं ते पुढच्या खोलीत, फायनान्सवाल्यासमोर. समजा, बँकेने तुमच्यासाठी 6 टक्के दर कळवलाय. तो कागदावर 8 लिहू शकतो. वरच्या व्याजातला मोठा वाटा डीलरचा. 30,000 डॉलरच्या पाच वर्षांच्या कर्जावर हा फरक सुमारे 1,700 डॉलर. कायद्याला हे चालतं. तो खोटं बोलत नाही, फक्त सांगत नाही.

मग ही फसवणूक कशी? मंडईतली भाजीवालीही खरेदीचा भाव सांगत नाही, आपणही खिशात किती आहेत ते सांगत नाही. पण तिथे घासाघीस चाललीये हे दोघांनाही ठाऊक असतं. इथे तो ‘तुमच्यासाठी बँकेशी बोलतो’ म्हणतो, आणि आपण त्याला आपला माणूस समजतो. हा गैरसमज त्याला दिसत असतो.

पहिल्या गाडीच्या वेळी मी त्याचे दोनदा आभार मानले होते. आता क्रेडिट युनियनचं मंजुरीपत्र खिशात ठेवून जातो आणि विचारतो, ‘बँकेने किती सांगितला?’